गोणीतून पाठवलेली सून

आई, आपला सिनेमा मी एकटीनंच संपवला. तुमच्याशिवाय पुढे बघायचं नाही असं ठरलं होतं, ते मी पाळलं नाही. पण तुम्ही गेल्यापासून क्रेमेटोरियमची वेळ मिळेपर्यंत मध्ये इतके दिवस गेले की घरात बसून करायचं काय तेच कळेना. या देशात मेल्यावरसुद्धा अपॉइंटमेंट लागते असं तुम्ही म्हणायचात आणि मी ‘काहीतरीच काय’ म्हणून उडवून लावायचे. भटजी फोनवर तेराव्याचं विचारत होते आणि इथे अजून अग्नीचाच पत्ता नव्हता. शेवटी एका दुपारी टीव्ही लावला आणि आपण जिथे भांडून थांबलो होतो तिथून पुढे सुरू केला. बराच वेळ मी सवयीनं सबटायटल्स मोठ्यानं मराठीत सांगत होते. आपण हे कुणाला सांगतोय, असं मनात आल्यावर गप्प बसले. मग पुढचा कितीतरी वेळ पडद्यावर काय चाललंय ते मला नीट समजलंच नाही.

हा नाद तसा मीरानं लावला. सुहास गेला त्या हिवाळ्यात ती ब्रिस्टलहून येऊन राहिली होती. बापासाठी रडायचं आणि आजीला हसवायचं अशी दोन्ही कामं पोरगी एकदम करत होती. एक दिवस तिनं टीव्हीवर कुठलंसं कोरियन प्रकरण लावून दिलं. म्हणाली, ‘आजी, जस्ट ट्राय इट. यात पण सगळे लोक एकमेकांच्या पाया पडतो.’ एरवी तुम्ही तिचं मराठी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी नाही केलंत. पडद्यावर एक बाई दगडी पायरीवर जोडे काढून, दाराशी बसून, आतल्या सासूला वाकून नमस्कार करत होती. ‘सासूनं अजून वर बघितलं नाहीये,’ तुम्ही म्हणालात. ‘आता काहीतरी कुजकं बोलणार बघ.’ आणि ती बोललीच. त्या दिवसापासून आपण दोघी कोरियाच्या झालो.

तुमचं इंग्रजी बसला आणि डॉक्टरला पुरेल एवढं होतं, सबटायटल्सच्या वेगाला पुरत नव्हतं. मग मी रिमोट हातात धरून बसायचे. दोन वाक्यं झाली की थांबवायचं, मराठीत सांगायचं, पुढे जायचं. एक सिनेमा आपल्याला दोन-दोन आठवडे पुरायचा. त्यात तुमच्या हरकती. ‘ती एवढं गोड बोलली नाहीये. तोंड बघ तिचं.’

‘आई, खाली लिहिलंय तेच सांगतेय मी.’

‘लिहिणाऱ्याला काय कळतंय? तो कधी सून होता का?’

त्यांच्या राजांची नावं तुमच्या लक्षात राहिली नाहीत, पण बायकांचे नियम तुम्हाला तोंडपाठ झाले. लग्नाआधी बापाचं ऐकायचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘यात नवीन काय? आमच्याकडे हेच होतं, फक्त संस्कृतात.’ कन्फ्यूशियसला तुम्ही ‘त्यांचा तो म्हातारा’ म्हणायचात. ‘त्या म्हाताऱ्याला बायको होती का गं?’ असंही एकदा विचारलंत. मी म्हटलं असणार. ‘मग कुणीतरी तिलाही विचारून घ्यायला हवं होतं,’ म्हणालात आणि जपमाळ ओढायला लागलात.

खरं सांगायचं तर त्याआधी आपण दोघी फार बोलायचो नाही. तुमचा मुलगा होता तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलायचात, मी त्याच्याशी बोलायचे, आणि जेवताना तो एकीचं दुसरीला पोचवायचा. हॉस्पिटलच्या ड्युटीवरून कितीही दमून आला तरी हे काम त्यानं कधी चुकवलं नाही. तो गेला आणि घर एकदम मुकं झालं. मधला माणूसच नाही तर सासू-सून तरी कुणाच्या नात्यानं म्हणायचं? ते काम मग त्या कोरियातल्या, रेशमी घागरे घातलेल्या बायकांनी केलं. त्यांच्या सासवांवर तुम्ही तोंडसुख घ्यायचात, त्यांच्या सुनांना मी नावं ठेवायचे. एकमेकींना काही बोललो नाही आणि बोलायचं तर सगळं बोललो, असं वाटायचं मला. तसं नव्हतं, हे आता कळतंय.

एक मात्र मी विसरलेले नाही. सुहास गेला त्याच आठवड्यात सोलापूरहून तुमच्या जावेचा फोन आला होता, वैशालीच्या हातातल्या बांगड्यांचं काय केलं म्हणून. मी तिथेच सोफ्यावर बसले होते. तुम्ही म्हणालात, ‘तिच्या हातात काय असावं ते तिला विचारा. मी विचारलंय. ती म्हणाली राहू देत.’ तुम्ही मला विचारलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर विचारलंत. तुमच्या आत्याला तुम्ही लहानपणी लाल आलवणात पाहिलं होतं, स्वयंपाकघराच्या पलीकडे तिला कुणी येऊ द्यायचं नाही, हे तुम्ही मला पुढे कोरियन सिनेमा बघता बघता सांगितलंत. मला तुमचे आभार मानायचे होते. मी चहा करून आणला.

आपल्या घरात हे असंच. तुम्ही सुहासला ‘जेवलास का’ विचारायचात, त्यात सगळं आलं. मी तुम्हाला ‘गोळी घेतली का’ विचारायचे, त्यात सगळं आलं असं मी समजत होते.

मग श्रीकांतचं निघालं. सुहासचा शाळेपासूनचा मित्र, लंडनजवळच्या रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बॉयलर बिघडला की यायचा, तुमच्यासाठी चितळ्यांचा चिवडा घेऊन यायचा. एकदा गार्डन सेंटरच्या कॅफेत त्यानं सरळ विचारलं आणि मी सरळ नाही म्हटलं. त्यात मला काही जड गेलं नाही. श्रीकांत चांगला माणूस आहे. पण चांगली माणसं जगात पुष्कळ आहेत, म्हणून काय प्रत्येकाबरोबर राहायला जायचं? घरी येऊन तांदूळ धुता धुता मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कोथिंबीर निवडत होता. हात थांबले.

‘का नाही म्हणालीस?’

आणि मी हसत म्हटलं, ‘वा! मी गेले तर तुमचं इन्सुलिन कोण देणार?’

माझ्या मते मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं की मला तुमच्याजवळ राहायचंय. याहून उघड बोलायची मला सवय नव्हती, तुम्हाला ऐकायची नव्हती. तुम्ही त्यातलं इन्सुलिन तेवढं ऐकलंत.

थोड्याच दिवसांनी तुम्ही जाहीर केलंत की तुम्हाला लेस्टरला राहायला जायचंय. बेलग्रेव्ह रोडजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट्स आहेत, वॉर्डन असते, नर्स येते, देऊळ चालत जाण्यासारखं. मीराला फोनवर हाताशी धरून तुम्ही कौन्सिलपर्यंत पोचलाही होता. ‘इन्सुलिनला नर्स येते,’ हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगत होता. मी विचारलं, इथे काय कमी आहे? तुम्ही म्हणालात, ‘कमी काही नाही. पण मला माझ्या वयाची माणसं हवीत आता. तुझं तोंड बघत किती दिवस बसायचं? कंटाळा आला मला.’

मला ते फार लागलं, आई. मी ‘बरं’ म्हटलं. आपल्या घरात राग आला की माणूस ‘बरं’ म्हणतो, तुम्हाला माहीत आहे. तुमचं सामान मीच गाडीत भरलं. तुमच्या देवांना टॉवेलमध्ये गुंडाळताना मला वाटत होतं की तुम्ही आता म्हणाल, राहू दे गं. तुम्ही म्हणालात, बाळकृष्ण वरच्या बाजूला ठेव.

मग शनिवार सुरू झाले. कॉव्हेंट्रीहून लेस्टरला धड सरळ गाडीसुद्धा नाही, ननीटनला बदलावी लागते. त्या प्लॅटफॉर्मवर थालीपिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली मी कशी दिसत असेन कोण जाणे. तुमच्याकडे पोचलं की आधी तुम्ही तुमचं सगळं किती छान चाललंय ते सांगायचात: भजन, बिंगो, नवरात्रात टिपऱ्या. मग मी माझं सांगायचे: योगाचा क्लास, लायब्ररीतल्या मैत्रिणी, एकदा तर चक्क सालसा. योगाला मी दोनदा गेले होते. लायब्ररीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणी पाच वाजता आपापल्या घरी जातात. सालसा मी तिथल्या नोटीस बोर्डवर वाचला होता. तुमचा बिंगोही तसाच असणार, तुम्हाला इंग्रजी आकडे भराभर कुठे कळायचे? दोघी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. मग एकदाचा सिनेमा सुरू व्हायचा आणि जरा मोकळं वाटायचं.

घरी मी तुमच्या खोलीतला रेडिएटर चालूच ठेवला होता. मीरा आली की ओरडायची. ‘आई, आजीचा खोली कशाला गरम ठेवते? इट्स सच अ वेस्ट.’ मी म्हणायचे, भिंतींना ओल येते.

दिवाळीत मराठी मंडळाच्या फराळाला गेले होते तेव्हा एका बाईंनी विचारलं, ‘सासूबाईंना लेस्टरला ठेवलंत म्हणे?’ ठेवलंत! जशी काही तुम्ही जास्तीची गादी होता. मी तशीच घरी आले आणि पुढच्या शनिवारी रागारागानं तुम्हाला सांगितलं. मला वाटलं होतं तुम्ही हसाल, त्या बाईंना एखादं ठेवणीतलं नाव द्याल. तुम्ही हसला नाहीत. ‘लोक तुला बोलतात?’ एवढंच विचारलंत. त्यानंतर तुम्ही मला खाली लाउंजमध्ये कधी बसू दिलं नाहीत. ‘त्या बायका फार चौकशा करतात, चल आपण वर जाऊ.’ आणि दर वेळी, ‘जरा रंगाचं नेसून येत जा गं. टिकली लाव ठसठशीत.’ मला वाटायचं, सुनेला उजळ माथ्यानं फिरवायची हौस आहे म्हातारीला.

आता त्या सिनेमाबद्दल. गोष्ट तशी साधीच. मोठ्या घराण्यातला मुलगा लग्न झाल्यावर लवकरच मरतो. मागे राहतात त्याची आई आणि बायको, दोघी पांढऱ्या कपड्यांत, घराच्या मागच्या, बायकांच्या भागात. कोठाराच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलतात. भाऊबंदांना मात्र हाव सुटलेली. विधवेनं नवऱ्यामागे जीव दिला तर राजा त्या घरापुढे लाल कमान उभारू देतो आणि सगळ्या खानदानाची मान ताठ होते. म्हणून सगळे तिच्याशी अचानक फार प्रेमानं वागायला लागतात. चुलत दीर तिला एक चांदीची नाजूक सुरी आणून देतो. तेव्हा तुम्ही माझ्या हातातला रिमोट हिसकावून घेतलात आणि सिनेमा थांबवलात. ‘आहेर बघ मेल्याचा!’

विधवेचं पुन्हा लग्न नाही, हा तिथला दंडक. पण त्यातही एक चोरवाट होती. कुणी येऊन विधवेला गोणीत घालून पळवून नेलं तर घरचे थोडी आरडाओरड करायचे आणि मग गप्प बसायचे. घराची अब्रूही राहायची, बाईचा संसारही व्हायचा. कधीकधी घरच्यांनीच ते आतून ठरवलेलं असायचं. ही सासू तेच करते. पलीकडच्या गावातला कागद बनवणारा एक विधुर तिनं हेरून ठेवलेला असतो. एका पहाटे ती सुनेच्या खोलीत येते, तिला कापूस भरलेला जाड कोट घालायला लावते आणि काही न सांगता दार उघडते. बाहेर माणसं गोणी घेऊन उभी. सून किंचाळते. सासू स्वतःच्या हातानं तिचं तोंड दाबते.

मी सिनेमा थांबवला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र संताप आला होता.

‘तिला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं?’

‘विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.’

‘मग नसेल जायचं तिला!’

‘जायचं नसायला आहे काय तिथे? एक म्हातारी आणि चार भिंती.’

‘तरी ठरवायचं कुणी? घर तिचंही आहे. उचलली आणि टाकली गोणीत! बांगड्या ठेवायच्या की नाही ते सुनेला विचारायचं आणि राहायचं कुठे ते नाही विचारायचं?’

बांगड्या सिनेमात नव्हत्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता बोलणं त्या वाटेला लागेल.

‘तिला टाकलं नाहीये, सोडवलंय,’ तुम्ही अगदी हळू म्हणालात. ‘सासूचं काय, आज आहे उद्या नाही. तिच्यासाठी पोरीनं का म्हणून कुजायचं?’

‘असेल तिला म्हातारीच हवी.’

तुम्ही हसलात. ‘असं कुणाला असतं का, वैशाली?’

त्यावर मी काय बोलणार होते ते माझ्या तोंडाशी आलं होतं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणालात, ऊठ, गाडी चुकेल, पुढच्या शनिवारी बघू. तुम्ही लिफ्टपर्यंत आलात. मी डबा विसरले होते, तो आणून दिलात. लिफ्टचं दार लागताना तुम्ही हात वर केला होता, तेवढंच मला दिसलं.

बुधवारी लायब्ररीत वॉर्डनचा फोन आला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुमचं तुम्हाला माहीत आहे.

तर पुढे काय झालं ते सांगते. मी थांबवून थांबवून सांगायला हवं होतं, पण आता एकदमच सांगते. गोणी गेल्यावर सासू सुनेचे जोडे नदीकाठी नेऊन ठेवते आणि बोंब मारते की सुनेनं जीव दिला. सगळे खूश होतात. रिकाम्या पेटीची अंत्ययात्रा निघते. लाल कमान उभी राहते, गावोगावचे लोक ती बघायला येतात आणि अशी सून लाभली म्हणून सासूला नमस्कार करतात. ती दर वर्षी जिवंत सुनेचं श्राद्ध घालते. पानात तिच्या आवडीचं वाढते आणि समोर एकटी बसते. तिथे सिनेमा संपला. गोणी सोडल्यावर काय झालं ते त्यांनी दाखवलंच नाही. तिला तो कागदवाला आवडला का, तिनं परत यायचा प्रयत्न केला का, काही नाही. मला तेवढंच बघायचं होतं. तुम्ही म्हणाला असता, सुखात असणार. मी म्हणाले असते, कशावरून? आणि आपण आणखी एक शनिवार त्याच्यावर काढला असता.

काल तुमचं सगळं झालं. लेस्टरलाच केलं. पडद्यामागे पेटी गेली, मीरानं आणि मी दोघींनी मिळून ते बटण दाबलं. मीरा म्हणाली, ‘आई, माझी हात थरथरतोय,’ आणि मला कुणीतरी तिला दुरुस्त करावं असं फार वाटलं. नंतर तुमच्या इमारतीच्या लाउंजमध्ये चहा ठेवला होता. तिथे मी पहिल्यांदाच निवांत बसले. तुमच्या त्या चौकशा करणाऱ्या बायका एकेक करून माझ्याजवळ येत होत्या. एक कुसुमबेन नावाच्या, बारीक, पांढऱ्या वेणीच्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या. मुलुंडला वाढलेल्या, म्हणून मराठी बोलत होत्या.

‘तुम्हीच वैशाली ना? रमाबेन रोज तुमचंच बोलायच्या. तुमचे मिस्टर नाही आले?’

मला वाटलं यांना माहीत नसावं. मी म्हटलं, ‘ते वारले हो. बरीच वर्षं झाली.’

‘ते ठाऊक आहे, रमाबेनचे चिरंजीव. मी आताच्यांचं विचारते. रीडिंगवाल्यांचं.’

मी हातातला कप खाली ठेवला. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मी लाजले. माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, ‘अरे, आम्हाला सगळं सांगितलंय रमाबेननी. दिवाळीनंतर एक दिवस इथे कोणीतरी बोलली, सुनेनं ठेवलं वाटतं इथे. तर काय भडकल्या! म्हणाल्या, माझ्या सुनेला नाव ठेवायचं नाही. ती लग्न करायला तयारच नव्हती, मला सोडून जातच नव्हती. मग मीच तिला खोटं सांगितलं, तुझा कंटाळा आला म्हणून. तेव्हा कुठे गेली. आता रीडिंगला मोठ्ठं घर आहे, मागे बाग आहे, नवरा देवमाणूस. तरी एवढ्या लांबून दर शनिवारी येते. अशी सून कोणाची आहे, दाखवा!’ कुसुमबेननी मान हलवली. ‘आम्ही कोण दाखवणार? आमच्या सुना ख्रिसमसला येतात.’

आई, मला हो म्हणता आलं असतं. एका वाक्यात काम भागलं असतं. ते कामावर आहेत, एवढंच म्हणायचं. तुम्ही माझ्यासाठी एवढं घर बांधलंत, मागे बाग केलीत, माझ्याबद्दल कुणी वावगं बोलू नये म्हणून स्वतःच्या तोंडानं ‘मी खोटं बोलले’ असं चार बायकांत सांगितलंत. ते सगळं तसंच राहू द्यायला माझं काय जात होतं? पण कंटाळा आला हे खोटं होतं, हे मला त्या परक्या बाईकडून कळलं होतं. दीड वर्ष मी त्या एका वाक्यावर रुसून ननीटनला गाड्या बदलत होते. मला आता आणखी खोटं नको होतं, तुमच्या बाजूनंही आणि माझ्या बाजूनंही.

‘मी लग्न नाही केलं, कुसुमबेन,’ मी म्हटलं. ‘मी कॉव्हेंट्रीलाच आहे. आमच्याच घरी.’

‘एकटी?’

‘एकटी.’

पलीकडे कुणीतरी बिस्किटांची बशी फिरवत होतं, ती आमच्यापर्यंत आली आणि पुढे गेली.

‘मग रमाबेन इथे कशाला राहत होत्या?’

‘मी तिकडे सुखात असावं म्हणून.’

‘आणि तू? तू तिथे एकटी कशाला राहिलीस गं?’ त्या आता मला अगंतुगं करायला लागल्या होत्या.

तेव्हा मी म्हटलं. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी सगळं निभावलं होतं, ते तिथे संपलं. ‘आज ना उद्या त्या परत येतील म्हणून. मला त्याच हव्या होत्या. दुसरं कुणी नको होतं.’

कुसुमबेननी माझा हात धरला. ‘अरेरे,’ त्या म्हणाल्या, ‘हे त्यांना कोणी सांगितलं नाही?’

कोण सांगणार, आई? घरात आपण दोघीच तर होतो.